तहानेनं राखलेलं रान

मुंबईबाहेरच्या माणसाला बोरिवलीचं नॅशनल पार्क समजावून सांगणं कठीण असतं. तो म्हणतो, "पार्क? म्हणजे बाग ना?" आपण म्हणतो, "नाही हो, जंगल. त्यात बिबटे आहेत." मग तो आपल्याकडे अशा नजरेनं बघतो, की मुंबईकर गोष्टी फुगवून सांगतात हे त्याला आधीपासूनच ठाऊक होतं!

पण खरंच जंगल आहे. साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. एका बाजूला बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव. दुसऱ्या बाजूला भांडुप, मुलुंड, ठाणे. मधोमध हे रान. आमच्या ठाण्याच्या आत्याकडे ते येऊरच्या नावानं ओळखलं जातं आणि बोरिवलीच्या मावशीकडे नॅशनल पार्कच्या. दोघी एकाच डोंगराच्या दोन बाजूंना राहतात आणि आपापली बाजूच खरी मानतात. कागदोपत्री त्याचं नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. १९८० साली संजय गांधी विमान अपघातात गेले, त्यानंतर हे नाव दिलं गेलं. त्याआधी ते बोरिवली राष्ट्रीय उद्यान होतं आणि त्याही आधी कृष्णगिरी. यातलं सगळ्यात जुनं नाव मला सगळ्यात आवडतं, कारण ते जवळजवळ दोन हजार वर्षं टिकलंय. कृष्णगिरी म्हणजे काळा डोंगर. त्याचंच कण्हगिरी, आणि मग कान्हेरी.

हे रान वाचलं कसं, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडत आलाय. मुंबईत जमिनीच्या तुकड्यासाठी काय काय होतं ते आपण बघतोच. मिठागरं गेली, खाजणं गेली, गिरण्या गेल्या. मग १०४ चौरस किलोमीटर कसे काय उरले? शाळेत शिकवतात तसं "निसर्गप्रेमामुळे" वगैरे उत्तर मला पटत नाही. जेवढं वाचत गेलो, तेवढं एकच उत्तर पुढे येत गेलं. पाणी.

सुरुवात कान्हेरीपासूनच करू. शंभराहून जास्त लेणी आहेत तिथे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदायला सुरुवात झाली आणि पुढे हजार वर्षं तिथे भिक्षूंचा वावर होता. आपण जातो, चैत्यगृह बघतो (तिसऱ्या क्रमांकाचं, कार्ल्याच्या चैत्याची आठवण करून देणारं), ओसरीतल्या दोन भल्यामोठ्या बुद्धमूर्तींसमोर फोटो काढतो आणि काकडी खाऊन परत येतो. पुढच्या वेळी गेलात तर मूर्तींकडे कमी आणि पायाखाली जास्त बघा. कातळात कोरलेल्या पन्हळी दिसतील. पावसाचं पाणी लेण्याच्या माथ्यावरून वळवून टाक्यात आणायचं, एक टाकं भरलं की पुढच्यात सोडायचं. जवळजवळ प्रत्येक लेण्याला आपलं टाकं. तिथल्या शिलालेखांत टाक्याला 'पोढी' असा शब्द आहे. कल्याणच्या, सोपाऱ्याच्या, नाशिकच्या, चौलच्या माणसांनी लेणी दान दिली तेव्हा पोढीही दान दिल्याचं आवर्जून कोरून ठेवलंय. लेणं दिलं आणि पाणी दिलं नाही तर त्या दानाला काय अर्थ! पावसाळ्यात अडीच मीटरच्या आसपास कोसळणारं पाणी चार महिन्यांत समुद्राला मिळतं आणि उरलेले आठ महिने हा डोंगर कोरडा ठणठणीत असतो, हे त्या लोकांना पुरेपूर माहीत होतं.

ते लोक काही जंगलात हरवलेले जोगी नव्हते. घाटावरून कल्याणला आणि सोपाऱ्याला उतरणाऱ्या व्यापाराच्या वाटा जवळच होत्या. शेतं दान मिळत होती, 'अक्षयनीवी' म्हणजे कायमठेवी ठेवल्या जात होत्या, तिच्या उत्पन्नातून भिक्षूंना वस्त्रं मिळत. म्हणजे त्याही काळात हे रान शहरांच्या शेजारचंच रान होतं. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला पारशी प्रवासी येऊन गेले आणि पहलवी लिपीत आपली नावं कोरून गेले. त्यातल्या एका लेखाचं साल १००९ आहे. (लेण्यांवर नावं कोरण्याच्या आपल्या सवयीला एवढी जुनी परंपरा आहे म्हणायची! फक्त त्यांचे लेख आज अभ्यासाचा विषय आहेत, आणि आपल्या बदामातल्या बाणांचं तसं काही होईल असं दिसत नाही.)

नंतर भिक्षू गेले. साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, १७३७-३९च्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांकडे आली, १७७४ला इंग्रजांनी घेतली. या सगळ्या काळात डोंगरावर काय झालं? फार नाट्यमय काही नाही. गुरं चरली, लाकूड तुटलं, पाड्यांवरच्या वारल्यांनी, मल्हार कोळ्यांनी, कोकणांनी, कातकऱ्यांनी तिथेच शेती केली, मध आणि कंद गोळा केले. आज आपण ज्याला 'घनदाट अरण्य' म्हणतो ते मनुष्याचा हात न लागलेलं अरण्य मुळीच नाही. ते वापरलेलं, तोडलेलं, पुन्हा वाढलेलं रान आहे. त्यात साग आहे, ऐन आहे, खैर आहे, कळंब, बोंडारा, काटेसावर, पळस, पांगारा आहे. मला हे जास्त दिलासादायक वाटतं, की तुटलेलं रानही संधी मिळाली तर परत उभं राहतं.

ती संधी मिळाली १८५०च्या दशकात, आणि ती कुणी रानाला म्हणून दिलेली नव्हती.

त्यावेळी मुंबई म्हणजे दक्षिणेकडची बेटं. माणसांचे लोंढे येत होते आणि पाणी होतं विहिरींचं आणि तलावांचं. आज ज्याला आपण गोवालिया टँक, धोबी तलाव म्हणतो तिथे तेव्हा खरोखरचे तलाव होते. उन्हाळ्यात ते आटत, उरलेलं पाणी घाण होई. १८५४ साली पाऊस ओढला तेव्हा मुंबईला बोटींनी आणि आगगाडीनं पाणी आणायची वेळ आली. आगगाडी सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं! मग हेन्री कोनीबेअर नावाच्या इंजिनिअरची जुनी योजना मार्गी लागली : साष्टीतल्या डोंगरात मिठी नदीच्या उगमाशी धरण बांधायचं आणि नळानं पाणी मुंबईला न्यायचं. १८५६ला काम सुरू झालं, १८६०ला विहार तलाव पुरा झाला. मुंबईचं पहिलं नळाचं पाणी. पण शहराची भूक, म्हणजे तहान, इतकी वाढली की ते पुरेना. मग १८७९ला त्याच्या वरच्या अंगाला तुळशी तलाव झाला.

आता धरण बांधलं की त्याच्या वरच्या डोंगरावर झाडं हवीत, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यांत गाळ येऊन बसतो. गुरं नकोत, वस्ती नको, शेणघाण नको, कारण खाली लाखो माणसं तेच पाणी पिणार. म्हणून पाणलोट राखला गेला. पहारे बसले. कुंपण पडलं. ज्या साहेबानं हे केलं त्याला बिबट्याशी किंवा फुलपाखराशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला कॉलरा नको होता. पण त्या पाण्याच्या मागून झाडं आली, झाडांच्या मागून चितळ, सांबर, रानडुक्कर, आणि त्यांच्या मागून बिबट्या. वाघ मात्र राहिला नाही. विहार तलावाजवळ १९२९ साली वाघ मारल्याची नोंद आहे. म्हणजे माझ्या आजोबांच्या लहानपणी मुंबईत वाघ होता! हे मी घरी सांगितलं तेव्हा कुणालाच फारसं आश्चर्य वाटलं नाही, "तेव्हा सगळंच होतं" एवढंच उत्तर मिळालं.

गंमत बघा. आज महापालिका रोज सात तलावांची पातळी जाहीर करते त्यात तुळशी आणि विहार अगदी तळाशी असतात. तुळशीत मावतं ८०० कोटी लिटरच्या आसपास. मुंबईला रोज पाणी लागतं ४०० कोटी लिटरच्या घरात. म्हणजे भरलेला तुळशी अख्ख्या शहराला दोन दिवस पुरेल. विहार आठवडाभर. ज्या पाण्यासाठी हे रान राखलं, त्या पाण्याची शहराला आता जवळजवळ गरज उरलेली नाही. पाणी येतं भातसा, वैतरणेवरून, शंभर शंभर किलोमीटरवरून, आणि तिथे धरणाखाली कुणाची रानं आणि गावं गेली ते आपण नळ सोडताना विचारत नाही. बोरिवलीचं रान मात्र आपलं मूळ कारण संपल्यावरही उभं राहिलं.

तोपर्यंत त्याला दुसरं कारण मिळालं होतं. १९४०च्या दशकात कान्हेरीभोवतीचा वीस चौरस किलोमीटरचा भाग उपवन म्हणून राखायला सुरुवात झाली, पुढे १९६९च्या सुमारास आजूबाजूची राखीव जंगलं जोडली गेली, आणि १९९६मध्ये आजचं पूर्ण क्षेत्र राष्ट्रीय उद्यान ठरलं. याच काळात एका कडेला आरेची दूध वसाहत आली, चित्रनगरी आली. आमच्या पिढीतल्या मुलांसाठी नॅशनल पार्क म्हणजे वनराणी. ती झुकझुक गाडी २०२१च्या तौक्ते वादळात रूळ खराब झाल्यानं बंद पडली तेव्हा माझ्या चुलतभावानं अमेरिकेतून फोन करून हळहळ व्यक्त केली. हा मनुष्य कान्हेरीला एकदाही गेलेला नाही!

आता जरा अवघड भागाकडे येतो. इथे घरातसुद्धा वाद होतात.

राष्ट्रीय उद्यान म्हणजे कायद्यानं तिथे माणसाला राहायचा हक्क नाही. पण कडेकडेनं हजारो झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. १९९५ला एका पर्यावरणवादी संस्थेनं मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि १९९७ला न्यायालयानं अतिक्रमणं हटवायचे आदेश दिले. पुढची तीनचार वर्षं बुलडोझर चालले, हेलिकॉप्टरनं पाहणी झाली. १ जानेवारी १९९५च्या मतदारयादीत नाव असलेल्यांना पर्यायी जागा, बाकीच्यांनी निघायचं. ती पर्यायी जागा आधी थेट कल्याणच्या पुढे देऊ केली होती. मालाडला भांडी घासणाऱ्या बाईनं तिथून कामावर यायचं कसं, हे कुणी विचारलं नसावं. लोकांनी आणि संघटनांनी वर्षानुवर्षं झगडून चांदिवलीत घरं मिळवली; त्या वसाहतीचं नावच संघर्षनगर आहे. ती घरं मिळेपर्यंत दहा वर्षं उलटून गेली होती.

माझं मत विचाराल तर, त्या कारवाईशिवाय आज अप्पापाड्यापासून तुळशीपर्यंत इमारती दिसल्या असत्या, हे मला नाकारता येत नाही. आणि रानाच्या वाचण्याची किंमत त्याच्या कडेला राहणाऱ्या सर्वांत गरीब माणसांनी भरली, तर त्याच रानाचा 'व्ह्यू' दाखवून टोलेजंग इमारतींतले फ्लॅट विकले गेले, हेही नाकारता येत नाही. आतल्या आदिवासी पाड्यांचं तर आणखीच विचित्र. नवापाडा, चुनापाडा, तुमणीपाडा... ही माणसं उद्यानाच्या आधीपासूनची. पण 'अतिक्रमण' या एका शब्दाखाली कालची झोपडी आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा पाडा एकाच मापानं मोजले गेले. २००६च्या वनहक्क कायद्यानं दार थोडं उघडलं, पण अजून पूर्ण नाही.

याच वर्षांत बिबट्याचं प्रकरण पेटलं. २००२ ते २००४ या काळात हल्ले इतके वाढले की २००४च्या एका जूनमध्येच दहाच्या आसपास माणसं गेली. त्यावेळचे पेपर ज्यांनी वाचलेत त्यांना आठवेल. उपाय म्हणून रानात डुकरं आणि ससे सोडले, पिंजरे लावले. खरं कारण उलगडायला वेळ लागला. विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली : एका ठिकाणचा बिबट्या पकडून दुसऱ्या ठिकाणी सोडला की भानगड मिटत नाही, वाढते. बिबट्याला स्वतःचा इलाका असतो. अनोळखी मुलखात टाकलेला, पिंजऱ्यात माणसांनी घेरलेला, घाबरलेला प्राणी काय करेल याचा भरवसा नाही. आणि बोरिवलीच्या रानात तेव्हा बाहेरून पकडलेले बिबटे आणून सोडले जात होते.

'आजोबा' तुम्हाला आठवत असेल. २०१४ला त्याच्यावर सिनेमाही आला, उर्मिला मातोंडकरचा. हा बिबट्या २००९ला नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडला. बाहेर काढून, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. तिथून हा गृहस्थ चालत निघाला. कसाऱ्याचा रेल्वेमार्ग ओलांडला, महामार्ग ओलांडले, शेवटी वसईची खाडी पार करून मुंबईच्या रानात हजर! सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि वाटेत एकाही माणसाला नख लावलं नाही. तो बहुधा मूळचा इथलाच असावा, आणि घरी परत आला, असा तर्क आहे. २०११च्या डिसेंबरात घोडबंदरच्या बाजूला महामार्गावर वाहनाच्या धडकेनं तो गेला. खाडी त्याला अडवू शकली नाही, रस्त्यानं अडवलं.

२०११लाच वनखात्यानं शहरातल्या लोकांना बरोबर घेऊन एक मोहीम सुरू केली. पिंजरा लावण्याऐवजी कचरा उचला, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांवर बिबट्या. अंधारात मुलांना एकटं बाहेर पाठवू नका. बिबट्या नुसता दिसला म्हणजे हल्ला झाला असं नव्हे. साध्या गोष्टी, पण हल्ले खाली आले. २०१५ला कॅमेरे लावून मोजणी झाली तेव्हा ३५ बिबटे निघाले, २०१८ला ४७. एवढ्या छोट्या जागेत एवढे बिबटे जगात फार कमी ठिकाणी असतील. २०१८च्याच एका शोधनिबंधातला अंदाज असा, की हे बिबटे वर्षाला दीड हजार भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रं चावणं आणि रेबीज दोन्हीला आळा बसतो. पण उगाच गोड चित्र रंगवत नाही. २०२१ला आरेत पुन्हा हल्ले झाले, २०२२च्या दिवाळीत तिथेच दीड वर्षाच्याही आतली मुलगी गेली. 'सहजीवन' हा शब्द आपल्यासारख्या सातव्या मजल्यावरच्या लोकांना सोपा जातो.

वारली मात्र तो शब्द न वापरता ते करत आलेत. वाघोबा त्यांचा देव. वाघ आणि बिबट्या, दोघांनाही वाघच म्हणायचं. वाघबारशीला त्याची पूजा करायची, त्याचं त्याला द्यायचं, आपलं आपण राखायचं. आरेतही वाघोबाचं ठाणं आहे.

या रानाचा इतिहास सालांनी मोजण्यापेक्षा कारवीनं मोजावा असं मला वाटतं. कारवी सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी सगळी एकदम फुलते, बी टाकते आणि मरते. डोंगरउतार जांभळे होतात. तिच्याच काठ्यांचे कूड विणून, शेणमातीनं लिंपून पाड्यांवरची घरं उभी राहतात. २०००ला ती फुलली तेव्हा खाली बुलडोझर चालू होते. २००८ला फुलली तेव्हा आजोबा अजून विहिरीत पडायचा होता. २०१६च्या आणि २०२४च्या मध्ये आरेत, २०१९च्या ऑक्टोबरमध्ये, मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं तोडली गेली. त्यानंतर २०२०ला आरेतले आठशे एकर वन म्हणून घोषित झाले, तरी २०२२ला कारशेड पुन्हा तिथेच ठरली. आज त्या मेट्रोतून आपण सगळेच जातो, मीही जातो.

पुढची कारवी २०३२ला. तोवर रानाच्या पोटातून दोन बोगदे गेलेले असतील अशी चिन्हं आहेत. दोन्हींचं भूमिपूजन २०२४च्या जुलैत झालं. एक गोरेगाव-मुलुंड जोडणारा, दुसरा ठाणे-बोरिवली. हा दुसरा तर सुमारे बारा किलोमीटरचा प्रकल्प, आणि त्यातला बहुतेक रस्ता डोंगराच्या खालून. वरच्या झाडांना धक्का लागणार नाही म्हणतात, आणि घोडबंदरचा वळसा वाचेल हे तर खरंच. आजोबाला धडक बसली त्या बाजूची गर्दीही कमी होईल कदाचित. पण डोंगराच्या आत पाणी कुठून कसं झिरपतं आणि मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा या चारही नद्यांना उन्हाळ्यात ओल कुठून मिळते, हा हिशेब कुणीतरी वरच्यावर ठेवायला हवा. यातल्या मिठीनं २६ जुलै २००५ला काय केलं ते सांताक्रूझच्या ९४४ मिलिमीटर पावसाबरोबर सगळ्यांच्या लक्षात आहे.

त्या बोगद्याचं बोरिवलीकडचं तोंड मागाठाण्याला उघडणार आहे. मागाठाण्यातही लेणी आहेत, वस्तीत दडलेली, पडझड झालेली. बसच्या पाटीवर हे नाव आपण रोज वाचतो. कान्हेरीच्या एका शिलालेखात ते 'मंगलठाण' असं येतं. तिथलं एक शेत कुणीतरी वरच्या भिक्षूंसाठी दान दिलं होतं.